बरणीतल्या फांद्या, बरणीतली मुळं

बंद बरणीत ठेवलेलं खरं लाकूड पहिल्या एकदोन आठवड्यांतच पांढरी बुरशी धरतं. मग त्यातून तपकिरी पाणी सुटायला लागतं, साल सैल होते आणि साधं, कोवळं लाकूड असेल तर वर्ष-दीड वर्षात बोटानं दाबलं तरी खचतं. जंगलात पावसाळ्याचे चार महिने पडलेल्या फांदीचं जे होतं, ते बरणीत बारा महिने चालू असतं, कारण तिथं ऊनही नाही आणि वाराही नाही. फांदीवर मोठ्या हौसेनं वाढवलेलं मॉस, फर्न, एखादं इवलं ऑर्किड असं सगळं फांदीसकट खाली बसलं, की माणूस माझ्यासारखीला शोधत येतो. टेरेरियमसाठी खोट्या फांद्या, वेली आणि मुळं करणं हा माझा व्यवसाय आहे.

सगळंच लाकूड कुजतं असं मात्र नाही. जुन्या सागवानाचा गाभा टिकतो, दक्षिण आफ्रिकेकडून येणारं मोपानी टिकतं. पण टिकाऊ लाकूड हवं त्या आकाराचं मिळत नाही आणि मिळालं तर बरणीच्या तोंडातून आत जात नाही. शिवाय ते महाग. दुकानदार लोक मला यावरून चिडवतात की तुमचा धंदा बुरशीवर चालतो. खरंच आहे ते. बुरशीचं तरी फार वाईट वाटून घेऊ नये, ती बहुतेक वेळा झाडांना काही करत नाही आणि बरणीत स्प्रिंगटेल हे बारीक किडे सोडले की ते तिचा फडशा पाडतात. लोक घाबरतात ते तिच्या दिसण्याला.

मी मखरवाल्यांच्या घरातली. माझे वडील लालबागला गणपतीची मखरं करायचे. आषाढ लागला की आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे थर्माकोलच्या शीट, आणि निक्रोमची तापलेली तार त्यातून फिरताना येणारा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास. महिरप, खांब, कमळं. मला लहानपणापासून वेडावाकडा भाग द्यायचे, म्हणजे कैलास पर्वत, गुहा, झाडाचा बुंधा. सरळ रेघ मला कधी जमलीच नाही, पण बुंधे जमायचे. कॉलेजात असताना ओळखीच्या एका मत्स्यालयवाल्यासाठी टाकीच्या मागे लावायचे खडक करून देत असे, तेवढाच हातखर्च.

२३ मार्च २०१८ला राज्य सरकारची प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवरच्या बंदीची अधिसूचना निघाली. त्या वर्षी आमच्या गल्लीत बरीच तोंडं उतरलेली होती. बाबा पुठ्ठ्याकडे आणि कापडाकडे वळले, साठीला आलेल्या माणसानं नवं साहित्य हाताळायला शिकणं मी जवळून पाहिलं. बंदी योग्य होती असं आज मला वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं. मी मखरं सोडली आणि हातखर्चाचं काम तेच पूर्ण वेळेचं केलं. त्यानंतर लॉकडाउनमध्ये घरी बसलेल्या लोकांना बरण्यांचं वेड लागलं, तेव्हा कुठे या कामाला धंदा म्हणण्याइतकं रूप आलं.

साहित्याबद्दल पुढे सांगेन. त्याआधी ज्यांच्याकडून मी हे शिकले त्या दोन माणसांबद्दल सांगायला हवं.

पहिला एक सिमेंटचा मिस्त्री. आपल्याकडच्या नगरपालिकेच्या बागांत झाडाच्या ओंडक्यासारखी दिसणारी सिमेंटची बाकं असतात, फांद्यांचा कठडा असतो, खोडाची कचराकुंडी असते. आपण त्यांना हसतो. पण ती करणारे लोक फार हुशार असतात. ठाण्यात एका बागेत हा मिस्त्री काम करत होता आणि मी रोज जाऊन समोर उभी राहायचे. सळ्यांचा सांगाडा, त्यावर कोंबडीची जाळी, त्यावर सिमेंटचा गिलावा. गिलावा आटत आला की मोडक्या करवतीचं पातं, खराट्याच्या चार काड्या आणि एक पत्र्याचा चमचा एवढ्या हत्यारांवर तो साल उठवायचा. मी घरी करायचे ती साल कोरलेली दिसायची, त्याची मात्र साल दिसायची. शेवटी विचारलंच. तो म्हणाला, "ताई, साल काढायची नसते, फाटवायची असते. आत झाड जाड होत जातंय, वरचं कातडं पुरत नाही, म्हणून ते तडकतं. कुठं जास्त ताण आला असेल तिथं मोठी भेग पाडा."

एवढं एक वाक्य. त्यानंतर मी साल कोरायची थांबवली. आता वरचा थर अर्धवट सुकू देते आणि मग आतला सांगाडा हलकेच वाकवते किंवा पिळते, भेगा आपोआप योग्य जागी पडतात. वाकणाच्या बाहेरच्या बाजूला रुंद, आतल्या बाजूला सुरकुत्या. हातानं कितीही काळजीपूर्वक कोरलं तरी हे साधत नाही, कारण हाताला एक लय असते आणि तडकण्याला ती नसते.

पुढे वाचनात आलं की या मिस्त्रीच्या कामाचं घराणं चांगलं जुनं आहे. जोसेफ मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्यानं झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली त्याचं पेटंट घेतलं. आज आपण ज्या आरसीसीच्या इमारतींत राहतो, त्या तंत्राच्या सुरुवातीच्या टप्प्यांत या माळ्याच्या कुंड्या आहेत. इंग्लंडात त्याच शतकात पुलहॅम नावाचं घराणं बागांसाठी नकली खडक करून देत होतं आणि त्यांच्या फटींत लोक फर्न लावत. म्हणजे खोट्या निसर्गात खरी झाडं वाढवायची हौस काही इन्स्टाग्राममुळे आलेली नाही.

दुसऱ्या होत्या वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका. त्यांना घरातल्या एका मोठ्या काचपेटीसाठी काम हवं होतं. मी नेलेला नमुना त्यांनी हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, "हे मूळ आहे की फांदी?" मी म्हटलं, बाई, वळण सुंदर आहे ना, कशीही लावा. त्या हसल्या नाहीत. मला समोर बसवून त्यांनी अर्धा तास शिकवलं. फांदीला पेर असतं, म्हणजे जिथं कधीकाळी पान होतं ती जागा, तिथं डोळा असतो, पान गळल्याचा व्रण असतो, आणि नवी फांदी त्या डोळ्यातूनच निघते. मुळाला पेर नसतं. त्याला उपमूळ आतून फुटतं, कुठूनही फुटतं. फांदी उजेडाकडे जाते, भारानं वाकते आणि टोकाशी पुन्हा वर वळते. मूळ ओल आणि आधार शोधतं, वाटेत दगड आला की त्याला वळसा घालतं. फांदी बुंध्यापासून टोकापर्यंत बेतानं निमुळती होत जाते. मूळ बुंध्याजवळ एकदम जाड असतं, थोड्या अंतरात झपाट्यानं बारीक होतं आणि मग लांबवर जवळपास त्याच जाडीनं धावत राहतं.

बाईंच्या पेटीचं काम त्यांनी मला दिलं, पण सहा महिन्यांनी. तोवर झाडं बघून ये म्हणाल्या.

मग मी बघत सुटले. मुंबईत मुळं बघायला लांब जावं लागत नाही. जुन्या चाळींच्या भिंतींवर, सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यात पिंपळ उगवतो, त्याचं मूळ दगडांच्या सांध्यासांध्यातून उतरतं, भिंतीला टेकलेल्या बाजूनं चपटं होतं. वड-पिंपळ-उंबराच्या कुळातली आणखी एक गंमत म्हणजे दोन मुळं एकमेकांना भिडली की जुळून एक होतात, म्हणून त्यांची जाळी तयार होते. फांद्यांत हे क्वचितच दिसतं. गडाच्या तटबंदीवर हे जाळं पाहताना मी इतकी रमायचे की बरोबरचे लोक गड बघून खाली उतरलेले असायचे.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवनातून जाणारा लाकडी रस्ता आहे. तिवराची श्वसनमुळं चिखलातून सरळ वर उभी असतात, पेन्सिलीएवढी. कांदळाची आधारमुळं मात्र खोडातून कमानीसारखी बाहेर पडून चिखलात रुततात. एका ग्राहकाला एकाच झाडाला दोन्ही प्रकार हवे होते, "जास्त वाइल्ड दिसेल" म्हणून. मी दोन वेगळी झाडं करून दिली. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला जायफळाच्या कुळातल्या झाडांची पाणथळ राई आहे, २०२१मध्ये तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथं मुळं चिखलातून वर येतात आणि गुडघ्यात वाकून पुन्हा आत जातात. पाण्याखालच्या चिखलात हवा नसते, ती घ्यायला मुळाला वर यावं लागतं. हे कळल्यावर असलं मूळ बरणीत कुठं लावायचं हेही कळतं. कोरड्या वाळूच्या बरणीत ते लावलं तर कितीही हुबेहूब असो, डोळ्याला खटकतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं हे नक्की.

फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निसर्ग विभागात मोठे देखावे आहेत. रोहित, धनेश, गवा, वाघ. सगळे लोक प्राणी बघतात. मी मागची झाडी बघत उभी राहते, तिथल्या रखवालदाराला एव्हाना सवय झाली असावी.

बाईंच्या आणि मिस्त्रीच्या शिकवणीतून एकच गोष्ट हाती लागली. आकाराला कारण पाहिजे. बरणीवर दिवा कुठल्या बाजूनं आहे, पाणी कुठं साठणार, फांदीवर काय बसणार, हे ठरल्याशिवाय मी आता तार हातात घेत नाही. गेल्या काही वर्षांत महामार्गाच्या रुंदीकरणात कोकणातली बरीच जुनी वडाची झाडं गेली. त्यांपैकी आपल्या गावच्या वडाचा फोटो घेऊन एक गृहस्थ आले होते, त्यांना तो वड बरणीत हवा होता. मी फोटोबरहुकूम सांगाडा केला. ते म्हणाले, बाकी ठीक आहे पण हा उभा आहे, आमचा झुकलेला होता. फोटोत तर झुकलेला दिसत नव्हता. मग लक्षात आलं, फोटो रस्त्यावरून पश्चिमेकडे तोंड करून काढलेला, आणि समुद्रावरच्या वाऱ्यानं झाड पूर्वेला, म्हणजे बघणाऱ्याच्या अंगावर झुकलेलं. फोटोत ते कसं दिसणार? सांगाडा पुढं वाकवला, मागच्या बाजूच्या मुळांना ताण दिला, पारंब्या लोंबत्या केल्या. ते गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत, मग किंमतीत घासाघीस करायला लागले. ती मी करू दिली.

आता साहित्य. फांदीचा सांगाडा मी तारांच्या जुडग्याचा करते आणि यामागे लिओनार्दो दा विंचीचं एक निरीक्षण आहे. त्यानं लिहून ठेवलंय की झाडाच्या कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाएवढी भरते. म्हणजे २ सेंटिमीटर जाडीच्या फांदीला दोन सारखे फाटे फुटले तर प्रत्येक साधारण १.४ सेंटिमीटरचा हवा, तीन फुटले तर १.१५च्या आसपास. असा हिशोब दर वेळी कोण करणार? बारा-पंधरा तारांचा जुडगा घ्यायचा, खाली सगळ्या एकत्र पिळायच्या, फाटा आला की काही तारा इकडे, काही तिकडे. टोकाला एक-एक तार उरते. तारा कुठं नाहीशा होत नाहीत, त्यामुळे प्रमाण आपोआप राखलं जातं. शिकाऊ मुलांच्या फांद्या नकली दिसतात त्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं की फाटा फुटल्यावरही दोन्ही फांद्या मूळच्या जाडीच्या राहतात.

तार ॲल्युमिनियमची. बांधकामावरची बाइंडिंग वायर स्वस्त आणि वाकायला छान, पण ती गंजते, गंज फुगतो, आणि वरचा थर आतून उकलतो. तांब्याची तार तर अजिबात नको. तांबं मॉसला मारतं, गोगलगायी आणि झिंग्यांनाही. गळ्यातल्या दागिन्यासारखी सुबक तांब्याची झाडं बाजारात मिळतात, ती टेबलावर ठेवावीत.

तारेवर जाडी आणायला एपॉक्सी पुट्टी, तीच नळ गळायला लागला की आपण लावतो ती. दोन भाग सारखे मळायचे, बोटं ओली ठेवायची, अर्ध्या तासाच्या आत आकार द्यायचा. मोठ्या बुंध्याला एवढी पुट्टी परवडत नाही, तिथं पीव्हीसी पाइप हीट गननं तापवून वाकवते किंवा पॉलियुरेथेनचा फोम फवारून सुकल्यावर ब्लेडनं तासते. हा फोम हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, त्यामुळे उन्हाळ्यात त्याच्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा लागतो आणि पावसाळ्यात तो सांगितल्यापेक्षा लवकर आवळतो. पावसाळा एपॉक्सीला मात्र मानवत नाही, वर चिकट पांढुरका थर धरतो. ॲक्रिलिक रंगही धड वाळत नाहीत. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी शक्यतो फक्त सांगाडे करते. फोम तासताना मास्क लागतो, ओला फोम हाताला लागला तर आठवडाभर हात सोलवटत बसावं लागतं, आणि खिडकी उघडी हवी. वन-रूममध्ये हे काम करू नका असं मी शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगते.

सगळ्यांत वरचा थर महत्त्वाचा. पारदर्शक सिलिकॉनचा पातळ हात द्यायचा आणि त्याच्यावर साय धरायच्या आत, म्हणजे पाच-दहा मिनिटांत, कोरडं चाळलेलं कोकोपीट दाबून बसवायचं. सिलिकॉनवर रंग बसत नाही, त्यामुळे जे काय रूप द्यायचं ते या भुकटीनंच. कोकोपीट ओल धरतं, मॉसला पाय रोवायला जागा देतं. सिलिकॉन घेताना बाथरूमसाठीचं बुरशीरोधक घेऊ नये, त्यातली औषधं बरणीतल्या किड्यांना बाधतात. सुकताना येणारा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत तुकडा उघड्यावर ठेवावा. फोमचा कुठलाही कोपरा उघडा राहता कामा नये, कारण बरणीत सोडलेले आयसोपॉड हे बारीक जीव फोम आणि थर्माकोल कुरतडून आत घर करतात, आणि मग बरणीभर पिवळा भुगा. पाणी असलेल्या पेटीत दुसरी पंचाईत म्हणजे फोम तरंगतो. खालून दगडाला जखडलेला नसला तर एके सकाळी अख्खं जंगल छताला टेकलेलं दिसतं.

सिमेंटची मुळं सुंदर होतात, वजनदार होतात, पण सिमेंट पाण्यात चुना सोडतं. मॉसला ते सोसत नाही. इमारतीच्या स्लॅबला पाणी मारतात तसं या मुळांनाही पाणी पाजावं लागतं, फक्त इथं पाणी रोज फेकून नवं भरायचं, कित्येक आठवडे. घाईच्या ग्राहकाला मी सिमेंटचं काम देतच नाही. लिटमसची पट्टी लावून बघते आणि तरीही खात्री म्हणून त्या मुळावर मॉसचा एक तुकडा डबीत घालून ठेवते. मॉस हिरवं राहिलं तर मूळ बाहेर जातं.

रंगाबद्दल एकच सांगते. टेबलावर कोरडी फांदी बघून रंग ठरवू नये. बरणीत ती जन्मभर ओली असणार, कोकोपीट ओलं झालं की जवळपास काळं दिसतं, आणि वर एलईडीचा निळसर उजेड. पाणी मारून, काचेमागे धरून बघावं.

प्रमाण हा त्याहून अवघड प्रश्न. बरणीत आपण झाडाचा एक तुकडा खऱ्या आकारात दाखवतोय, की अख्खं झाड लहान करून दाखवतोय, हे आधी ठरवलं पाहिजे. तुकडा असेल तर सालीच्या भेगा खऱ्या झाडाएवढ्या हव्यात आणि मॉस म्हणजे मॉसच. अख्खं झाड असेल तर भेगा केसाएवढ्या हव्यात आणि मॉस म्हणजे पालवी किंवा गवत. या दोन्हींची सरमिसळ झालेल्या बरण्या मला रोज दिसतात. चार इंचांचा 'वटवृक्ष' आणि त्याच्याखाली फर्नचं पान झाडाएवढं. बक्षिसंही मिळतात त्यांना. मला त्या आवडत नाहीत.

प्राणी ठेवणाऱ्यांसाठी काम करताना नियम बदलतात. तारेचं टोक कुठंही उघडं राहता कामा नये, फांदीनं प्राण्याचं वजन पेललं पाहिजे, आणि धुता आली पाहिजे. इथले साप, कासवं, घोरपडी घरात ठेवणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते, तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यापासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या विदेशी प्राण्यांचीही नोंदणी करावी लागते, डार्ट फ्रॉगसारखे बेडूक त्या यादीत येतात. नोंदणीचा कागद बघितल्याशिवाय मी माप घेत नाही. काही लोकांना राग येतो. एका दुकानदाराला माझी मुळं 'इम्पोर्टेड, नॅचरल' म्हणून विकताना पाहिलं, तेव्हापासून प्रत्येक तुकड्याच्या खालच्या बाजूला खूण कोरते. त्या दुकानाला माल देणं बंद केलं. नकली वस्तू करण्यात मला काही कमीपणा वाटत नाही, पण ती खरी म्हणून विकली की माझी सगळी मेहनत लबाडीच्या खात्यात जाते.

लोक मला विचारतात, एवढं बारीक काम करता आणि वर्षभरात त्याच्यावर मॉस चढून काहीच दिसत नाही, वाईट नाही वाटत? पहिल्या काही कामांच्या वेळी वाटायचं. आता फांदी दिसेनाशी झालेली बरणी कुणी दाखवली की मी ते काम चांगलं झालं समजते. १८२९च्या सुमारास लंडनमध्ये डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष बाटलीत ठेवला होता आणि त्यातल्या मातीत आपोआप फर्न आणि गवत उगवलं, तिथून हा सगळा छंद सुरू झाला. पुढे त्यांच्या काचपेट्यांतून झाडं समुद्रापार गेली, चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आली ती याच पेट्यांतून. त्या पहिल्या बाटलीत ना फांदी होती ना मूळ. झाडाला उजेड आणि ओल पुरते, बाकीची हौस आपली आहे, हे मला नेहमी आठवावं लागतं.

आणि म्हणूनच एक सांगायचं आहे. आंबोली, महाबळेश्वर, माळशेजकडे पावसाळ्यात जाणारे हौशी लोक मॉसचे गालिचे सोलून पिशव्या भरून आणतात, शेवाळलेली मुळं आणि फांद्या उचलून आणतात. काही जण ती विकतात, माझ्याकडेही विचारणा येते. राखीव वनातून परवानगीशिवाय असा माल आणणं भारतीय वन अधिनियम, १९२७खाली गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी ते मॉस बरणीत बहुधा तगत नाही, आणि जंगलात त्या जागी पुन्हा उगवायला त्याला कितीतरी पावसाळे लागतात. पडलेली फांदी आपल्याला कचरा वाटते, तिच्यात बेडूक, गोगलगायी, वाळवी, बुरश्या यांचा संसार असतो. ती तिथंच राहू द्या. फोटो काढा, हात लावून बघा, वहीत काढा.

फांदी घरी करा. सुरुवात वेलीपासून करावी, ती सर्वांत सोपी. नायलॉनच्या दोन जाडीच्या दोऱ्या घ्या, आत एक ॲल्युमिनियमची तार, तिन्ही एकमेकांभोवती सैल-घट्ट पिळा, सिलिकॉनचा हात द्या, कोकोपीट दाबा, आणि वास पूर्ण गेल्यावरच बरणीत घाला.